बोअरच्या पाण्याने गाडी धुताय? पांढरे ठिपके पडू नयेत म्हणून काय करायचं

मागच्या खंडेनवमीची गोष्ट. गाडी काळी, घेऊन जेमतेम आठ महिने झालेले, त्यामुळे पूजेआधी मीच धुणार असा हट्ट. सकाळी अकराला गाडी पार्किंगमधून बाहेर उन्हात काढली, सोसायटीच्या बागेचा पाईप लावला, शॅम्पू, फेस सगळं साग्रसंगीत केलं आणि वर जाऊन झेंडूचा हार ओवत बसले. अर्ध्या तासाने हार घेऊन खाली येते तर बॉनेटवर, टपावर, दारांवर नुसते पांढरे गोल गोल ठिपके, जणू कोणी पिठाच्या हाताने थोपटलंय. सासरे बाजूला उभे, ते म्हणाले, "काय गं, गाडी धुतली का गाडीला चुना लावला?"

गंमत म्हणजे ते शब्दशः खरं होतं. जड पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, पाणी उडून जातं पण हे उडत नाही, जिथे थेंब होता तिथेच बसतं. गिझरच्या कॉइलवर, नळाच्या जाळीवर जो पांढरा थर धरतो ना तोच हा, फक्त गाडीवर बसलेला. म्हणजे शॅम्पूला शिव्या घालून काही उपयोग नाही, मी दोन शॅम्पू बदलून पाहिले. सगळा खेळ शेवटच्या पाण्याचा आणि ते पाणी कोण वाळवतंय याचा आहे, तुम्ही की ऊन.

आता नाशिकमध्ये गोची अशी आहे की एकाच बिल्डिंगमध्ये दोन प्रकारचं पाणी असतं. महापालिकेचं पाणी बऱ्याच भागात गंगापूर धरणाचं, ते तसं बऱ्यापैकी हलकं, डाळ पटकन शिजते, साबणाला फेस येतो. पण पार्किंगमधला आणि बागेचा नळ बहुतेक सोसायट्यांमध्ये बोअरवर जोडलेला असतो, कारण पिण्याचं पाणी गाड्या धुण्यात घालवू नका हे आपणच मीटिंगमध्ये ठरवलेलं असतं. आपल्या इथे जमिनीखाली काळा पाषाण, त्याच्या भेगांतून पाणी मुरत खाली जातं तेव्हा क्षार सोबत घेऊन जातं. बोअर जितकी खोल आणि पाणी जितकं जुनं मुरलेलं तितके क्षार जास्त असं बऱ्याचदा दिसतं, पण शेजारशेजारच्या दोन बोअरचंही पाणी वेगळं निघू शकतं, त्यामुळे मैत्रिणीच्या सोसायटीत ठिपके पडत नाहीत म्हणून आपल्याकडेही पडणार नाहीत असं धरून चालू नका. आमच्याकडे पाथर्डी फाट्याला उन्हाळ्यात बोअरची पातळी खाली गेली की पाणी आणखी मचूळ लागतं.

पाणी तपासायला, म्हणजे त्यात किती क्षार विरघळलेत ते मोजायला, पेनासारखा टीडीएस मीटर मिळतो ऑनलाइन, स्वस्त असतो, आरओवाल्याकडेही असतोच. माझ्या दादाकडे दिंडोरीला द्राक्षबाग आहे, त्याचा मीटर आणून मोजलं तर किचनच्या नळाला ११० आणि बागेच्या नळाला ८७० आलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची चांगली मर्यादा ५०० धरलीय, त्यावरून अंदाज घ्या. ८७० टीडीएस म्हणजे लिटरमागे साधारण ८७० मिलिग्रॅम क्षार, एक लिटर पाणी पूर्ण उडालं तर मागे पाऊण ग्रॅमहून थोडी जास्तच पांढरी पूड राहणार. धुतल्यावर गाडीच्या अंगावर अर्धा लिटर तरी पाणी चिकटून असतंच की. टीडीएस म्हणजे सगळेच विरघळलेले क्षार, फक्त जडपणा नाही, पण ठिपक्याच्या हिशोबाला हा आकडा पुरतो. दादा तर आकडा बघून हसला, म्हणाला आमचे ड्रीपर याच पाण्याने चोंदतात, ठिबकच्या नळ्यांमध्ये ऍसिड सोडून साफ करावे लागतात, तुझ्या गाडीचं काय घेऊन बसलीस.

मीटर नसेल तर किचनचा ओटा आहे. काळा ग्रॅनाइट असेल तर उत्तमच. रात्री भांडी आवरून झाली की ओटा कोरडा पुसा आणि ओळीने एकेक थेंब टाका, बागेचा नळ, किचनचा नळ, आरओचं प्यायचं पाणी, आरओच्या वेस्ट नळीचं पाणी, एसीचं पाणी. कुठला थेंब कशाचा ते खडूने बाजूला लिहून ठेवा नाहीतर सकाळी आठवत नाही. आमच्या ओट्यावर सकाळी बोअरच्या जागी कडेला जाड आणि मधे पातळ अशी पांढरी टिकली होती, थेंबाची कड आधी सुकते म्हणून क्षार कडेला गोळा होतात, आणि गाडीवरही बरोबर तसेच कंकण दिसतात. आरओ वेस्टची टिकली बोअरपेक्षा लहान, पण किचनच्या नळाच्या टिकलीहून ठळक. किचनच्या नळाची बोटाने पुसली की गेली. एसीच्या पाण्याची जागा शोधावी लागली.

यातून एक गोष्ट लगेच बंद करा, आरओच्या वेस्ट पाण्याने गाडी धुणं. पाणी वाचवायचा सल्ला म्हणून हे सगळीकडे फिरतं, हेतू चांगला आहे, पण आरओ काढतो तेच क्षार त्या नळीतून बाहेर पडतात, म्हणजे आत गेलं त्याहून जड पाणी तुम्ही गाडीवर ओतताय. त्याने फरशी पुसा, टायर आणि मडगार्डच्या आतला चिखल धुवा, काच आणि पत्र्याला नको.

आता धुवायचं कसं. वेळ सकाळी साडेसहा-सात किंवा ऊन उतरल्यावर, आणि गाडी सावलीत. बॉनेटवर तळहात ठेवून बघा, गरम लागलं तर थांबा, ऑफिसातून आल्या आल्या तर मुळीच नको कारण तेव्हा सावलीत असली तरी बॉनेट इंजिनने तापलेलं असतं. थंडीत आपल्याकडे हे काम फार सोपं, पाणी पटकन वाळतच नाही, हात मात्र गारठतात. एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर हीटमध्ये कोरड्या हवेला पाच मिनिटं पुरतात.

पूर्ण गाडीला एकदम फेस लावून ठेवू नका. आधी टप, मग काचा, मग बॉनेट, मग एकेक बाजू, खालचा भाग शेवटी. एक भाग घासला की लगेच धुवा आणि दुसऱ्याकडे जाताना आधीच्यावर पुन्हा पाणी मारा, म्हणजे शेवटापर्यंत सगळी गाडी ओलीच राहिली पाहिजे, कुठेही मधे वाळता कामा नये. जड पाण्यात शॅम्पूला फेस कमी येतो म्हणून आपण अजून ओततो आणि मग तो निघता निघत नाही, त्यापेक्षा शॅम्पूच्या बादलीपुरतं किचनचं पाणी घ्या. कपडे धुवायची पावडर आणि भांड्याचा साबण तर नकोच, वॅक्स काढून टाकतात. शेवटी पाईपचं नोझल काढा आणि टपावरून नुसती धार सोडा, हळू, न उडवता. पाणी चादरीसारखं घसरत जातं आणि जाताना थेंबही सोबत ओढून नेतं. फवाऱ्याने उलट हजार थेंब तयार होतात.

मग येतं शेवटचं पाणी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. सगळी गाडी बोअरने धुवा हरकत नाही, पण शेवटी पाच-सहा लिटर हलकं पाणी मगाने वरून सोडा, म्हणजे अंगावरचं जड पाणी खाली ढकललं जातं आणि जे काही वाळेल ते हलकं वाळेल. हे पाणी कुठून आणायचं तर किचनच्या नळाचं चालतं, पण सोसायटीच्या टाकीत दोन्ही पाणी एकत्र होत असेल तर आधी ओट्यावरची परीक्षा घ्या. एसीचं पाणी सगळ्यात भारी, कारण ते हवेतली वाफ गार होऊन पडलेलं असतं, त्यात क्षार जवळपास नसतातच. फक्त कॉइलवरची धूळ येते म्हणून जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून घ्या. एप्रिलमध्ये इथली हवा इतकी कोरडी की एसी रात्रभर चालवून बादलीचा तळही धड झाकत नाही, जूनमध्ये ढग आले की तीच बादली भरते. आमच्याकडे या पाण्यावरून भांडणं आहेत, सासूबाईंना ते वाफेच्या इस्त्रीला हवं असतं. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणीही चालतं, पहिले एक-दोन पाऊस गच्ची धुऊन जाऊ देत, मग कॅन लावा. आणि यातलं काहीच नसेल तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर गॅरेजमध्ये पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं, मागताना पाणीच मागा, बॅटरीचं ऍसिड वेगळं असतं. मगाऐवजी छोटा स्प्रे पंप वापरलात तर दोन लिटरमध्ये भागतं. पण तो नवा घ्या, बागेत फवारणीला वापरलेला पंप कितीही धुतला तरी त्यात औषध राहतं, दादाने देऊ केला होता, मी नाही घेतला.

सॉफ्टनर बसवलेल्या सोसायट्यांमध्ये लोकांना वाटतं आता काळजी मिटली. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम सोडतो, टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. ठिपके पडतात, फक्त ते ओल्या फडक्याने निघतात, चुन्यासारखे चिकटून बसत नाहीत. तेवढाही फायदा कमी नाही म्हणा.

पुसणं. हे काम धुण्याइतकंच आहे पण आपण इथे कंटाळतो. जाड मायक्रोफायबरचा मोठा टॉवेल घ्या, पत्र्यावर अंथरा आणि दोन टोकं धरून स्वतःकडे ओढा, घासू नका. टप, काच, बॉनेट एवढ्यात टॉवेल जड होतो, मग दुसरा. घरातलं जुनं बनियन पाणी शोषत नाही, नुसतं पसरवतं. मग दारं, डिकी आणि पेट्रोलचं झाकण उघडून आतल्या कडा पुसा. आरसे, हँडल, नंबर प्लेट आणि मागचा लोगो यांच्यामागे पाणी लपून बसतं आणि तुम्ही वर जाऊन चहा घेता तेव्हा ते सावकाश ओघळतं, पाच मिनिटांनी कोरडं फडकं घेऊन एक फेरी माराच. ओल्या गाडीवर कव्हर टाकू नका.

पाईप लावायलाच परवानगी नसेल, किंवा उन्हाळ्यात पाणीकपात असेल, तर रिन्सलेस वॉश नावाचं लिक्विड मिळतं. एक बादली किचनचं पाणी, त्यात बाटलीवर लिहिलेल्या मापाने लिक्विड, मऊ फडकं बुडवून एकेक भाग पुसायचा आणि लगेच दुसऱ्या फडक्याने कोरडा करायचा. बोअरचा प्रश्नच येत नाही, दहा लिटरमध्ये गाडी होते. पण पावसाळ्यात चिखलाने माखलेली गाडी अशी पुसलीत तर मातीने ओरखडे पडतील, तेव्हा आधी पाण्याचा मारा हवाच.

कोटिंगबद्दल. सिरॅमिक केलं की डाग पडणारच नाहीत असं आम्हाला गाडी घेताना छातीठोकपणे सांगितलं होतं. कोटिंगवर पाण्याचे टपोरे मणी होतात, दिसायला छान, पण प्रत्येक मणी उन्हात जागच्या जागी वाळला की एकेक ठिपका तयार. वॅक्स किंवा कोटिंगमुळे ठिपका निघायला सोपा जातो एवढं खरं, पुसायचं काम ते करत नाही.

ठिपके आधीच पडलेत? जितक्या लवकर काढाल तितकं बरं, कारण उन्हात तापत राहिले की ते पेंटमध्ये रुततात. गाडी धुऊन, सावलीत, थंड पत्र्यावर, पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच हलकं पाणी मिसळून मायक्रोफायबर ओलं करा, ठिपक्यावर मिनिटभर ठेवा, हलकं पुसा, भरपूर पाण्याने धुवा. चुना आम्लात विरघळतो एवढंच त्यामागचं गणित. व्हिनेगर नसेल तर लिंबूसत्व, लिटरभर पाण्यात एक छोटा चमचा. पूर्ण गाडीवर करण्याआधी खाली कोपऱ्यात करून बघा आणि नंतर वॅक्स पुन्हा लावा. अख्खं लिंबू कापून चोळायचं नाही, पत्र्यावर कण असेल तर तोही चोळला जातो. आणि बाथरूमच्या टाईल्स साफ करायचं ऍसिड तर चुकूनही नको, त्यात हायड्रोक्लोरिक असतं, क्रोम, अलॉय, रबर सगळ्याची वाट लागते. व्हिनेगरने पांढरेपणा जाऊनही नखाला खळगा लागत असेल तर पेंट खाल्ला गेलाय, तिथे पॉलिशवाल्याकडेच जायचं.

काचेकडे दुर्लक्ष होतं कारण दिवसा ती स्वच्छ दिसते. मी रात्री पिंपळगावहून येत होते, मुंबई-आग्रा हायवेला समोरून ट्रकचे लाईट पडले आणि पूर्ण काचेवर चांदण्या पसरल्या, रस्ताच दिसेना. दुसऱ्या दिवशी व्हिनेगरने दोनदा केल्यावर बहुतेक गेलं. वायपरचं रबरही तेव्हाच पुसा, त्यावर क्षार बसलेले असतात आणि ते काचेवर घासत राहतात.

शेवटचा चोर मला दोन महिन्यांनी सापडला. एवढं सगळं करूनही टपाच्या एकाच कोपऱ्यात ठिपके यायचे. वर बघितलं तर गच्चीवरच्या टाकीची ओव्हरफ्लोची नळी बरोबर आमच्या पार्किंगवर, रोज पहाटे बोअरची मोटर बंद करायला वॉचमनकाका विसरले की थेंब थेंब. नळीला एल्बो लावून तोंड बागेकडे वळवलं. आता तो ठिपका जास्वंदीच्या पानांवर येतो.