चेंबूरमध्ये फॅमिलीसाठी टू बीएचके भाड्याने घेताय? आधी बिल्डिंगचं काय होणार ते विचारा

चेंबूरमध्ये सध्या गल्लीगल्लीत रिडेव्हलपमेंट चालू आहे, टिळक नगरच्या म्हाडा कॉलनीत तर जुन्या चार मजली बिल्डिंगा जाऊन टॉवर उभे राहिलेत, आणि एक सोसायटी रिकामी झाली की तिथली सगळी कुटुंबं बिल्डरकडून मिळणारं भाडं हातात घेऊन त्याच भागात घर शोधायला लागतात कारण मुलांची शाळा तिथेच, आईबाबांचा डॉक्टर तिथेच. म्हणून भाडी एकदम उडी मारतात. त्यामुळे शेजारची बिल्डिंग रिकामी व्हायच्या बेतात असेल तर त्याच्या आधीच घर बघून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या बिल्डिंगमधे फ्लॅट मोठा मिळतो, हवा-उजेड चांगला, भाडं पण टॉवरपेक्षा कमी, पण सहा महिन्यात तीच पाडायला निघाली तर? शाळेच्या मधल्या वर्षात सामान हलवणं लहान मुलं असलेल्या घराला फार जड जातं हो. ब्रोकर हे स्वतःहून सांगेलच असं नाही, तेव्हा सोसायटीचा नोटीस बोर्ड वाचा, सेक्रेटरींना सरळ विचारा की पीएमसी (रिडेव्हलपमेंटचं काम बघणारा सल्लागार) नेमलाय का, सहकार कायद्याच्या कलम 79अ खाली बिल्डर निवडायची मीटिंग झाली का, बिल्डर फायनल झालाय का. वॉचमन आणि इस्त्रीवाल्याला पण विचारा, त्यांना सगळं माहीत असतं. बिल्डर फायनल झाला असेल तर सोडून द्या ते घर, कितीही आवडलं तरी.

बाजूच्या प्लॉटवर काम चालू आहे का तेही बघा, धूळ आणि आवाज दोन-तीन वर्षं सहज चालतो. माहुलच्या बाजूला घर बघत असाल तर संध्याकाळी पण एक चक्कर मारा, रिफायनरीचा वास सकाळी कळेलच असं नाही. पाणी किती वेळ येतं, पार्किंग भाडेकरूला मिळतं का, हे विचारायचंच.

रजिस्ट्रेशन टळेल म्हणून करार 11 महिन्यांचाच करायची सवय पडलीये सगळ्यांना, पण महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे हाच भाडेकरार) कितीही महिन्यांचं असलं तरी रजिस्टर करावंच लागतं, मग फॅमिलीने 36 महिन्यांचा का मागू नये? स्टॅम्प ड्युटी 60 महिन्यांपर्यंत 0.25 टक्केच आहे, एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून त्या रकमेवर. म्हणजे 60 हजार भाडं आणि 3 लाख डिपॉझिट असेल तर तीन वर्षांचे साधारण साडेपाच हजार, वर 1000 रजिस्ट्रेशन फी. दरवर्षीची वाढ करारात लिहिली की ड्युटी थोडी वाढेल पण नंतरची घासाघीस वाचते. लॉक-इन (ठरलेल्या मुदतीआधी करार मोडायचा नाही ही अट) मालकालाही लागू आहे असं स्पष्ट लिहून घ्या, आणि एक क्लॉज हक्काने टाका की बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तर किमान तीन महिन्यांची नोटीस आणि चावी देताना पूर्ण डिपॉझिट परत. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते) मालक भरणार हे पण लिहा, सोसायटीला ते सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत.

रजिस्टर्ड कॉपी स्वतःकडे ठेवा, आरटीईच्या (खाजगी शाळेतल्या मोफत राखीव जागांच्या) अ‍ॅडमिशनला भाडेकरूंकडे तीच मागतात. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती मालकाने ऑनलाइन दिली का ते बघा, पावती मागून घ्या, सामान त्यानंतरच हलवा.