नावड, तिटकारा, तिरस्कार : इंग्रजी क्रियापदांच्या या चुका टाळा

इंग्रजी-मराठी शब्दकोशात 'हेट', 'डिटेस्ट', 'लोद', 'अबहॉर' आणि 'डिस्पाइज' या ५ क्रियापदांसमोर 'तिरस्कार करणे' आणि 'द्वेष करणे' हेच अर्थ आलटूनपालटून दिलेले आढळतात, आणि बहुतेक चुकांचे मूळ तिथेच असते. मराठी बोलताना मात्र आपण ही गल्लत कधी करत नाही. कारल्याचा कोणी द्वेष करत नाही आणि भाऊबंदकीतल्या वैराला कोणी नावड म्हणत नाही.

'हेट' म्हणजे द्वेषच, हा सर्वांत मोठा गैरसमज. द्वेषात दुसऱ्याचे वाईट चिंतणे येते. 'हेट' मात्र पावसातल्या चिखलापासून हाडवैरापर्यंत कुठेही चालतो. माझ्या एका विद्यार्थिनीला तिच्या परदेशी वरिष्ठांनी 'आय हेट टू आस्क, बट कुड यू स्टे लेट टुडे?' असे लिहिले, तेव्हा ते आपल्यावर चिडले आहेत असे समजून ती दिवसभर अस्वस्थ होती. खरे तर तो संकोच होता. 'सांगायला जिवावर येतंय, पण आज थोडं थांबाल का?' असे आपण म्हणतो, अगदी तसा.

'डिस्पाइज'ची चूक अधिक गंभीर असते. या शब्दाच्या लॅटिन मुळात 'खाली पाहणे' हा अर्थ आहे, म्हणून त्यात राग कमी आणि तुच्छ लेखणे जास्त. एका मुलाने निबंधात आजोबांच्या कडक शिस्तीविषयी लिहिताना 'आय डिस्पाइज्ड माय ग्रँडफादर' असे लिहिले होते. लहानपणी त्या शिस्तीची मनात चीड होती, एवढेच त्याला सांगायचे होते, पण वाक्याने आजोबांनाच हीन ठरवले. अर्थ समजावून सांगितल्यावर त्याने ती ओळ स्वतःच खोडली. आपल्यावर अन्याय झाला या भावनेतून आत धुमसत राहणाऱ्या चिडीसाठी इंग्रजीत 'रिझेंट' हे नेमके क्रियापद आहे, आणि 'आय रिझेंटेड हिज स्ट्रिक्टनेस' हे त्याच्या मनातले वाक्य होते.

'अबहॉर'च्या मुळाशी अंगावरचे केस ताठ उभे राहण्याची कल्पना आहे, म्हणून अंगावर काटा आणणाऱ्या क्रौर्याबद्दल, हिंसेबद्दल किंवा अस्पृश्यतेसारख्या अन्यायाबद्दल तो शोभतो, वांग्याच्या भाजीबद्दल नाही. 'लोद'मध्ये किळस आणि शिसारी आहे. त्याच्या स्पेलिंगच्या शेवटी 'ई' हे अक्षर असते आणि ते गळले की 'लोथ', म्हणजे नाखूष, हे वेगळेच विशेषण तयार होते. 'डिटेस्ट' म्हणजे तीव्र तिटकारा, आणि तो माणसांबद्दल व वस्तूंबद्दल सारखाच वापरता येतो.

वाक्यरचनेत मराठीची सवय आड येते. 'मला गर्दीचा तिटकारा आहे' या वाक्यातला 'आहे' मनात घोळत असल्यामुळे 'आय ॲम हेट क्राउड्स' किंवा 'आय हॅव हेट ऑफ क्राउड्स' असे लिहिले जाते. इंग्रजीत 'मला'च्या जागी सरळ कर्ता येतो आणि क्रियापदानंतर कोणतेही शब्दयोगी अव्यय न लावता कर्म येते : 'आय हेट क्राउड्स'. 'खूप' सांगण्यासाठी 'व्हेरी हेट' चालत नाही, 'रिअली हेट' म्हणावे लागते.

पुढे दुसरे क्रियापद येणार असेल, तर 'डिसलाइक', 'डिटेस्ट' आणि 'लोद' यांच्यानंतर ते '-इंग' रूपात ठेवावे : 'शी डिटेस्ट्स वेटिंग'. 'हेट'नंतर 'वेटिंग' आणि 'टू वेट' ही दोन्ही रूपे चालतात, परंतु 'वुड हेट' म्हटले की 'टू'च येतो. 'कोणी मध्येच बोललेले मला आवडत नाही' हे सांगताना 'आय हेट व्हेन पीपल इंटरप्ट' असे लिहिण्याचा मोह होतो, पण काळजीपूर्वक लिहिलेल्या इंग्रजीत त्यात 'इट' हवा : 'आय हेट इट व्हेन पीपल इंटरप्ट'.