बाहेरच्या अलॉय व्हील्सना नट आणि लॉक कोणते घ्यावेत

कंपनीच्या चाकांऐवजी बाहेरून घेतलेली नवी अलॉय बसवताना दुकानात बहुतेक वेळा गाडीचेच जुने नट पुन्हा चढवतात. आटे जुळतात, नट घट्ट होतो, शंका येत नाही. घोटाळा असतो तो बैठकीत, म्हणजे नटाचा जो भाग चाकाच्या भोकाला टेकतो तिथे.

बैठका मुख्यतः तीन. बाहेरच्या बहुतेक अलॉयना 60 अंशांची निमुळती बैठक लागते. होंडाचे मूळ नट आणि फोक्सवॅगन-स्कोडाचे मूळ बोल्ट गोलसर बैठकीचे असतात. टोयोटाच्या कित्येक मूळ अलॉयवर सपाट वॉशर आणि खाली दांडा असलेले नट येतात. गोल बैठकीचा नट निमुळत्या भोकात घातला तर तो बारीक कडेवर टेकतो. टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराला आवाज करणारा पाना) 'कट्' वाजतो, आवळल्याचं समाधान मिळतं. पण चालत्या गाडीत ती कड दबते, नट सैल पडतो, भोक लांबट होतं आणि चाक भंगारात जातं. तपासणी सोपी आहे. बैठकीवर मार्करची शाई लावा, नट पान्याने हलकाच आवळून काढा. शाई रुंद पट्ट्यात घासली गेली असेल तर ठीक, नुसती रेघ उमटली तर तो नट परत करा.

आता आटे. एम12×1.25 म्हणजे 12 मिमी जाडी आणि दोन आट्यांत 1.25 मिमी अंतर, म्हणजेच पिच. मारुती सुझुकीच्या गाड्यांना साधारणपणे एम12×1.25, होंडा, ह्युंदाई, किआ आणि टोयोटाच्या बहुतेक कारना एम12×1.5, फोक्सवॅगन-स्कोडाचे बोल्ट एम14×1.5. 1.5 चा नट 1.25 च्या स्टडवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या हबमधून बाहेर आलेल्या आटेदार सळीवर, एखाद-दोन फेरे जातो आणि अडतो. तिथे नट आवळायची गन लावली की स्टडचे आटे गेलेच. म्हणून सुरुवातीचे फेरे हातानेच द्यायचे, दुकानदार कितीही घाईत असो.

नट स्टडवर किमान स्टडच्या जाडीइतका चढला पाहिजे. 12 मिमी स्टडला 1.5 पिचवर 8 फेरे, 1.25 वर जवळपास 10. स्पेसर (चाक आणि हबच्या मधली चकती) घातला की हे फेरे कमी होतात, ते पुन्हा मोजा. उलट, बंद टोपीचा नट लांब स्टडवर लावला तर स्टड आत टोपीला टेकतो. नट कडक लागतो, चाक मात्र मोकळंच राहतं. बोल्टवाल्या गाडीत लांबी आणखी जपा: जास्त लांब बोल्ट हबच्या मागे बाहेर येऊन ब्रेकच्या भागांना घासू शकतो.

अलॉयची भोकं अरुंद असतील तर 19 किंवा 21 चा सॉकेट आत जात नाही, जबरदस्तीने घातला तर रंग सोलतो. तिथे 17 चे लांब नट किंवा बाजूला खाचा असलेले, खास चावीने फिरणारे स्प्लाइन नट घ्या. रोजच्या गाडीला फोर्ज्ड (ठोकून घडवलेलं) स्टीलच. अॅल्युमिनियमचे हलके नट रेस ट्रॅकवाल्यांसाठी सोडा. पातळ चकचकीत पत्र्याची टोपी चढवलेले नट तर टाळाच: आत पाणी शिरून गंज धरतो, टोपी फुगते आणि पाना बसत नाही. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत हा त्रास लवकर सुरू होतो.

लॉक म्हणजे खास चावीशिवाय न निघणारे, चाकाची चोरी रोखणारे नट. त्यांच्या सेटमध्ये चार नट आणि एक चावी असते, चाकाला एक. त्यांचे आटे आणि बैठक बाकीच्या नटांसारखीच हवी. बाहेरची कड मोकळी फिरणारे लॉक थोडे महाग, पण चोराच्या पान्याला पकड देत नाहीत. लॉक काढताना सर्वांत आधी, बसवताना सर्वांत शेवटी, आणि दोन्ही वेळा हातपान्याने. गनने चावीचे दात तुटतात. चावीच्या कोडचा फोटो फोनमध्ये ठेवा, कारण नवी चावी त्याच कोडवर मिळते.

आवळताना आट्यांना ग्रीस किंवा तेल नको. त्याच टॉर्कला स्टडवर जास्त ताण येतो. समोरासमोरच्या क्रमाने, दोन टप्प्यांत आवळा. होंडा सिटीला 108 न्यूटन-मीटर, पोलोला 120. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. 80 ते 100 किलोमीटर चालल्यावर गाडी थंड असताना पुन्हा तपासा.

जुने नट फेकू नका. स्टेपनी लोखंडी असेल तर तिची बैठक वेगळी असू शकते, म्हणून एका चाकापुरते मूळ नट पिशवीत घालून डिकीत ठेवा. लॉकची आणि स्प्लाइनची चावीही त्याच पिशवीत, कारण गाडीचा मूळ पाना या नटांना लागत नाही.