एमजीबीची पुढची बाजू उघडण्याआधीची तयारी

1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात बनलेल्या एमजीबी या स्पोर्ट्स गाडीचं पुढचं सस्पेन्शन साधं आहे. खाली विशबोन (चाकाकडचा भाग गाडीशी जोडणारे दुहेरी दांडे), मध्ये कॉइल स्प्रिंग, वर लिव्हर-आर्म (बाहेर दांडे असलेला) शॉकअब्सॉर्बर आणि उभा किंगपिन (ज्याभोवती चाक वळतं तो पिन). सामान सहज मिळतं म्हणून बरेच जण पूर्ण किट मागवून मोकळे होतात आणि गाडी तपासतात नंतर. माझं कळकळीचं सांगणं आहे की पैसे देण्याआधी एक दुपार गाडीखाली घालवा.

सगळ्यात आधी गाडी नक्की कोणती आहे ते वहीत लिहा. उघडी रोडस्टर की पक्क्या छताची जीटी, क्रोम बंपरची की रबर बंपरची, तारांची चाकं की साधी. सप्टेंबर 1974 पासून रबर बंपर आले आणि अमेरिकी नियमांसाठी गाडीची उंचीही वाढवली गेली, त्यामुळे पुढचा क्रॉसमेंबर (सस्पेन्शन ज्यावर बसतं ती आडवी तुळई) आणि स्प्रिंग दोन्ही बदलले. जीटी जड असल्याने तिची स्प्रिंग वेगळी. तारांच्या चाकांचे हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) वेगळे. शिवाय इतक्या वर्षांत कुणीतरी दुसऱ्या गाडीचे भाग बसवले असण्याची शक्यता असतेच, म्हणून नोंदणीच्या कागदावरून ऑर्डर न देता समोर बसलेला भाग पाहून द्या.

मग चाक उचला, वर-खाली धरून हलवा. चाक सैल लागलं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर दोष हबच्या बेअरिंगचा, राहिली तर किंगपिनचा किंवा त्याच्या वर-खालच्या सांध्यांचा. बेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलाई, इथे शिम (पातळ चकत्या) घालून जुळवतात आणि तो इंचाच्या हजारांश भागांत 2 ते 4 एवढाच हवा. तेव्हा बेअरिंगसोबत शिमही यादीत घ्या.

किंगपिन झिजलेला निघाला तर नुसता पिन आणि बुश (पिनभोवतीचं अस्तर) विकत घेऊन काम भागत नाही. स्टब अॅक्सलमधले (हब धरणाऱ्या भागातले) बुश बसवल्यावर एका रेषेत रीम करावे, म्हणजे आतून मापाला आणावे लागतात आणि त्यासाठीचा लांब रीमर घरी क्वचितच असतो. तो नसेल तर बुश बसवून, रीम करून, योग्य जाडीचा थ्रस्ट वॉशर घालून तयार केलेली जोडणीच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. तिथे ढिलाई राहिली तर चाक डुगडुगतं आणि आवळलं गेलं तर वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही. किंगपिन विशबोनला जोडणारा खालचा बोल्ट आतल्या नळीत गंजून बसलेला असतो, कित्येकदा तो कापूनच काढावा लागतो. म्हणून नवा बोल्ट, नळी, वॉशर आणि सील आधीच आणून ठेवा. विशबोनच्या त्या टोकाचं भोक लंबगोल झालं असेल तर तो आर्मही बदलावा लागेल.

आता शॉकअब्सॉर्बर, ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. एमजीबीत त्याचे हात, म्हणजे बाहेरचे दांडे, हेच वरचं विशबोन असतात. त्याची शाफ्ट सैल झाली तर दणके तर बसतातच, शिवाय चाकाचा कँबर (आत-बाहेर कल) धावता धावता बदलत राहतो. किंगपिनपासून सोडवल्यावर हात सावकाश वरपासून खालपर्यंत फिरवून बघा. विरोध सगळीकडे सारखा लागला पाहिजे. मध्येच पोकळ जागा लागली तर तेल कमी आहे किंवा आत हवा आहे, ते भरून पाहता येतं. पण शाफ्टजवळ तेल झिरपत असेल किंवा हात आडवा हलत असेल तर तेल भरण्यात अर्थ नाही. दुरुस्त केलेला घेताना शाफ्टचं बेअरिंग नवं बसवलं आहे का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा. धुऊन रंग दिलेला जुना शॉकअब्सॉर्बर नव्यासारखाच दिसतो.

खालच्या विशबोनच्या आतल्या टोकाच्या बुशच्या बाबतीत पर्याय तीन. मूळचे दोन भागांचे रबरी बुश हाताने बसतात, पण लवकर चेपतात. 1973 ते 1976 मधल्या जीटी व्ही8 चे एकसंध बुश, ज्यांच्या रबरात पोलादी नळी चिकटवलेली असते, ते दाबून बसवावे लागतात पण जास्त टिकतात. रस्त्यावर चालवायच्या गाडीला मी तेच निवडेन. पॉलीयुरेथेन कडक असतं, वळणावर गाडी नेमकी वाटते, मात्र रस्त्याचा थरकाप आत येतो आणि वंगण कमी पडलं तर ते कुरकुरतं. अँटी-रोल बारचे (वळणावर गाडी कलण्याला आवर घालणाऱ्या सळईचे) रबर आणि क्रॉसमेंबरखालचे पॅडही याच वेळी पाहून घ्या.

स्प्रिंगचा निर्णय शेवटी. सपाट जमिनीवर दोन्ही बाजूंना हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उंची मोजा. गाडी एका अंगाला झुकलेली असेल तर क्रॉसमेंबरच्या मधोमध जॅक लावून पुढची बाजू उचला. तरीही झुकाव राहिला तर दोष मागच्या पाटा स्प्रिंगचा आहे. पुढच्या बदलायच्याच असतील तर जोडीने बदला. खाली बसवायच्या आखूड, कडक स्प्रिंगचा मोह रोजच्या रस्त्यासाठी टाळावा.

अवजारांत इंची पाने, सांधे सोडवायचा पुलर, भक्कम स्टँड आणि लांब आटे असलेल्या सळया हव्यात. स्प्रिंगच्या थाळीचे समोरासमोरचे दोन बोल्ट काढून त्या जागी सळया घालतात आणि थाळी हळूहळू उतरवतात. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये हात तोडण्याइतकी ताकद असते, इथे घाई नकोच. ब्रेकचा कॅलिपर तारेने टांगा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. ग्रीस गनही जवळ असू द्या. ट्रायम्फ स्पिटफायर या दुसऱ्या ब्रिटिश गाडीच्या खालच्या ट्रनियनला (सांध्याला) तेल लागतं, एमजीबीच्या किंगपिनला ग्रीसच. नव्या भागाच्या प्रत्येक ग्रीस भरायच्या निपलमधून ग्रीस खरंच पलीकडे निघतं का, ते बसवण्याआधी पाहा.

व्ही8 बुशचे नट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि फाटतं. अलाइनमेंटची (चाकांचे कोन जुळवण्याची) वेळही आधीच ठरवून ठेवा. या गाडीत मूळ रचनेत फक्त टो-इन (चाकं पुढून किती आत वळलेली ते) जुळवता येतं, कॅस्टर (किंगपिनचा मागे कल) 7 अंश आणि कँबर सुमारे 1 अंश पॉझिटिव्ह हे ठरलेलेच आहेत. मोजणीत ते फार वेगळे आले तर काहीतरी वाकलेलं किंवा झिजलेलं आहे. नव्या स्प्रिंग थोड्या बसतात, त्यामुळे काही दिवस गाडी चालवल्यावर उंची, टो-इन आणि सगळे नट पुन्हा एकदा तपासायचे.