मदरबोर्ड बसवताना स्क्रूच्या आधी स्टँडऑफ मोजा

मदरबोर्ड बसवायच्या बहुतेक सूचनांमध्ये स्थिर विजेवर भरभरून लिहिलेलं असतं आणि खरं काम 'बोर्ड आत ठेवून स्क्रू लावा' एवढ्यात उरकलेलं असतं. स्थिर विजेचं मी दोन ओळींत सांगतो. काम करताना अधूनमधून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, आणि बोर्ड कडांना धरा. झालं.

प्रोसेसर, रॅम आणि एम.२ एसएसडी (बोर्डावरच बसणारी स्टोरेजची पट्टी) बोर्ड बाहेर असतानाच बसवून घ्या. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरची पाठपट्टी बोर्डाच्या मागून लागत असेल तर तीही. कूलर फार मोठा असेल तर तो शेवटी लावा, नाहीतर वरच्या कोपऱ्यातले स्क्रू त्याच्याखाली दडतात. प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची वायर बोर्ड आत जाण्याआधीच कोपऱ्यातून ओढून ठेवा. नंतर तिथे बोटं शिरत नाहीत.

आता स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांच्यावर बसतो त्या छोट्या पितळी खुंट्या. बोर्डाच्या मागच्या बाजूला डाखाची शेकडो टोकं उघडी असतात आणि कॅबिनेटचा तळ धातूचा असतो. या दोघांमध्ये जे सहा-सात मिलिमीटर अंतर लागतं ते स्टँडऑफ राखतात. पण स्टँडऑफही धातूचाच! भोकाखाली असेल तर आधार, भोक नसलेल्या जागी असेल तर शॉर्ट.

हे मी चांगलंच भोगलंय. एका जुन्या कॅबिनेटमधून मायक्रो-एटीएक्स म्हणजे लहान मापाचा बोर्ड काढला आणि त्याच स्टँडऑफवर पूर्ण एटीएक्स म्हणजे मोठ्या मापाचा बोर्ड ठेवला. वरच्या दोन ओळी बरोबर जुळल्या, म्हणून खाली वाकून बघितलंच नाही. बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा घ्यायचा आणि थांबायचा. आधी एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, संशय घेतला, मग रॅम काढून-घालून पाहिली, मग प्रोसेसर उचकटला. अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी बोर्ड बाहेर काढून खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवला, तर पहिल्या झटक्यात चालू. मायक्रो-एटीएक्सच्या खालच्या ओळीचा एक स्टँडऑफ नव्या बोर्डाच्या पाठीला टेकला होता. एसएमपीएस शहाणा निघाला, दर वेळी स्वतःहून बंद होत राहिला, म्हणून बोर्ड वाचला.

कारण मापात आहे. एटीएक्स ३०५ × २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४. लहान बोर्ड जिथे संपतो तिथे त्याची खालची भोकं असतात, आणि मोठ्या बोर्डाला त्या जागी भोक नसतं. उलटं केलंत, म्हणजे एटीएक्सच्या स्टँडऑफवर लहान बोर्ड ठेवलात, तर शॉर्ट होत नाही, पण खालची कड अधांतरी राहते. मग तिथे काही दाबून बसवताना बोर्ड वाकतो.

त्यामुळे 'नजरेनं जुळवून घ्या' हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. बोर्ड कागदावर ठेवा, प्रत्येक भोकातून पेन्सिलीने खूण करा, मागच्या पोर्टांची बाजू लिहून ठेवा आणि तो कागद कॅबिनेटच्या तळावर पसरा. जिथे खूण तिथे स्टँडऑफ. बाकी सगळे काढायचे. मग मोजा. बोर्डाला नऊ भोकं असतील तर खाली नऊच, आठ असतील तर आठच. काही कॅबिनेटमध्ये पत्राच दाबून उंचवटे केलेले असतात, तेही या मोजणीत धरा. कुठे मधल्या जागी आट्यांऐवजी नुसती टोकदार खुंटी असते. तिच्यावर बोर्ड अडकतो, तिथे स्क्रू लागत नाही, तेव्हा तो शोधत बसू नका.

स्टँडऑफ बोटांनी पिळून सोडू नका, पक्कडीने थोडा आवळा. सैल राहिला तर पुढे कधी बोर्ड काढताना स्क्रूबरोबर तोही गरगर फिरतो आणि स्क्रू काही सुटत नाही. पाकिटात स्क्रू दोन जातींचे येतात, जाड आट्यांचे सहा-बत्तीस आणि बारीक आट्यांचे एम-थ्री. दिसायला भाऊ-भाऊ. बोर्ड ठेवण्याआधीच एक स्क्रू स्टँडऑफमध्ये बोटांनी फिरवून बघा. दोन-तीन फेरे सहज गेला तर बरोबर. अडला तर चुकीचा, जोर लावलात तर आटे जातील. आत सैल डगमगत असेल तरीही चुकीचाच. भोकांना लाल कागदी वॉशर लावायला सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा, भोकाभोवतीचं धातूचं कडं पत्र्याला जोडण्यासाठीच ठेवलेलं असतं.

मागची पत्र्याची पट्टी, आय/ओ शील्ड, वेगळी असेल तर आधी बसवा. तिचे पातळ पत्रे लॅनच्या किंवा यूएसबीच्या तोंडात घुसतात, ते बोर्ड सरकवताना बघत राहा. पट्टी स्प्रिंगसारखी बोर्डाला स्वतःपासून दूर ढकलते, त्यामुळे भोकं मिलिमीटरभर सरकलेली दिसतात. बोर्ड पोर्टांकडे दाबून धरा आणि मधला स्क्रू आधी लावा.

बाकीचे सगळे स्क्रू सैल लावून मग आवळा. डोकं टेकलं की जेमतेम पाव फेरा. बॅटरीवरचा स्क्रूड्रायव्हर इथे नको. एखादा स्क्रू आत पडला तर तो सापडेपर्यंत वीज जोडू नका, कॅबिनेट आडवं करून हलवा. शेवटी बाजूने टॉर्च मारून बोर्डाखालची फट बघून घ्या.

उरलेले स्टँडऑफ आणि तो खुणांचा कागद एका पाकिटात घालून कॅबिनेटच्या खोक्यात ठेवून द्या. पुढचा बोर्ड वेगळ्या मापाचा आला की दोन्ही लागतात.