डेंग्यूची लाइन लिस्ट: घोळ होतो तो तारखांचा

लाइन लिस्ट म्हणजे साथीतल्या रुग्णांची यादी; एका रुग्णाला एकच ओळ. रकाने मोजके ठेवा: नाव, वय, मोबाइल, गल्ली किंवा वाडी, ताप सुरू झाल्याची तारीख, नमुना घेतल्याची तारीख, चाचणी, निकाल, शेरा.

रुग्णसंख्येचा आलेख ताप सुरू झाल्याच्या तारखेवरच काढा. अहवालाची तारीख धरली, तर प्रयोगशाळेने सोमवारी एकदम पाठवलेला गठ्ठा साथ भडकल्यासारखा दिसतो. एक्सेल 05/08 चा कधीकधी 8 मे करून टाकतं. म्हणून रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा आणि 2024-08-05 असं लिहा.

तापाच्या पहिल्या 5 दिवसांत एनएस1 (रक्तात विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी), पुढे आयजीएम (प्रतिपिंडं शोधणारी चाचणी). चुकीच्या दिवशी केलेली चाचणी निगेटिव्ह आली म्हणून संशयित रुग्ण यादीतून उडवू नका.

दुबार नोंदी रोज संध्याकाळी शोधा. खासगी लॅबची ‘सुनिता’ आणि आरोग्य केंद्राची ‘सुनीता’ बहुधा एकच असते. नुसत्या मोबाइलवर विसंबू नका, अख्ख्या घराचा नंबर एकच असतो. वय आणि गल्लीही जुळवा. ओळ पुसायची नाही, शेऱ्यात ‘दुबार’ लिहायचं.

आयएचआयपी या सरकारच्या रोग-सर्वेक्षण पोर्टलवर माहिती भरताना यादीतले आकडे ताडून पाहा. व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र नावं टाकू नका. फवारणीच्या नियोजनाला गल्लीनिहाय आकडे पुरतात.