व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये बायनरी फाइल कॉपी करताना

व्हिज्युअल फॉक्सप्रो ही डेटाबेसचे प्रोग्रॅम लिहायची भाषा. मायक्रोसॉफ्टने तिच्या ९ व्या आवृत्तीचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्ये बंद केला, तरी हिशेबाचे जुने प्रोग्रॅम तिच्यावर अजून चालतात. त्यातून फोटो, पीडीएफ, झिप अशा बायनरी (म्हणजे साधा मजकूर नसलेल्या) फाइल इकडून तिकडे न्यायची वेळ येतेच.

फाइल बंद असेल तर सरळ 'कॉपी फाइल' कमांड द्या, उगाच डोकं लढवू नका. उघडी असेल तर आधी बंद करा. टेबलाची कॉपी घेताना मुख्य डीबीएफ फाइलसोबत एफपीटी (मेमो, म्हणजे लांब मजकुराची फाइल) आणि सीडीएक्स (इंडेक्सची फाइल) याही घ्या. मेमोची एफपीटी मागे राहिली, तर ते टेबल उघडताना अडतं.

कॉपी होताना प्रोग्रेस दाखवायचा असेल तरच लो-लेव्हल फंक्शन्सकडे (फाइल थेट बाइटबाइटने हाताळणाऱ्या) वळा. मूळ फाइल 'एफओपन'ने फक्त वाचण्यासाठी उघडा, नवी 'एफक्रिएट'ने बनवा. दोन्हींपैकी कुणी -१ दिला, म्हणजे काम जमलं नाही, तर तिथेच थांबा. 'एफक्रिएट' त्याच नावाची जुनी फाइल न विचारता पुसून टाकतं, म्हणून कॉपी आधी तात्पुरत्या नावाने करा.

मग लूप. 'एफरीड'ने ३२,७६८ बाइट घ्या (एका वेळची कमाल मर्यादा ६५,५३५), 'एफराइट'ने लिहा, 'एफईओएफ' (फाइल संपली का ते सांगणारं) खरं होईपर्यंत. 'एफराइट' किती बाइट लिहिले ते सांगतं आणि नेमका तोच आकडा बरेच जण बघत नाहीत. तो तुकड्याच्या लांबीपेक्षा कमी आला, तर डिस्क भरली असेल किंवा नेटवर्क गेलं असेल. कॉपी तिथेच रद्द करा.

'एफगेट्स' आणि 'एफपुट्स' मात्र इथे नकोतच. ती ओळींसाठी आहेत. 'एफगेट्स' १३ क्रमांकाच्या बाइटपाशी (मजकुरात ती ओळ संपल्याची खूण) थांबतं आणि तो गाळतं. 'एफपुट्स' दरवेळी शेवटी १३ आणि १० चिकटवतं. जेपीजीत तो १३ चित्राचाच भाग असतो. फोटो बिघडलाच म्हणून समजा.

दोन्ही फाइल 'एफक्लोज' करून मगच तपासा. फाइल लहान असेल तर दोन्ही 'फाइलटूस्ट्र'ने वाचून ताडून पाहा, पण दुहेरी बरोबरच्या चिन्हाने (==). 'सेट एक्झॅक्ट' ही सेटिंग बंद असताना एकेरी चिन्ह (=) उजवीकडची स्ट्रिंग (वाचलेला मजकूर) संपली की तुलना थांबवतं. त्यामुळे उजवीकडे अर्धवट कॉपी असली तरी उत्तर 'खरं' येतं, अगदी रिकामी असली तरीही.

जुळलं, की त्या खऱ्या नावाची आधीची फाइल असेल तर ती (मूळ नव्हे) 'इरेज' करा आणि तात्पुरतीला 'रिनेम'ने खरं नाव द्या.